पळस, चपडा आणि चिकचा ट्रम्पेट

जुन्या बाजारातून : लेखांक 6

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते, तेव्हा जाम नदीच्या पात्रात झेंडा म्हणून रोवतात ते पळसाचे झाड. याच पळसाच्या, बोरीच्या आणि कुसुमच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा जगतो. त्याच्या अंगातून पाझरणारी राळ खरवडून, गाळून, पातळ पापुद्रे केले की त्याला चपडा म्हणतात. सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश मारतो. मिनिटाला 78 फेरे घेणारी ग्रामोफोनची काळी तबकडीही याच चपड्याची. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असते, म्हणून ती हाताला जड लागते आणि फरशीवर पडली की कौलासारखी फुटते.

मागच्या लेखांकात चावीचे ग्रामोफोन पाहिले. या वेळी त्यांच्या तबकड्या.

पांढुर्ण्याच्याच भागातल्या रामाकोन्यात एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून अशा तबकड्यांची पेटी निघाली, की धूळ पुसायला पहिला हात जातो स्पिरिटच्या बाटलीकडे. तेवढे मात्र करू नये. पॉलिशसाठी जे चपडा विरघळवते, ते तबकडीवरची खाचही विरघळवते आणि तिच्यातले गाणे कायमचे जाते. मऊ कोरड्या कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसणे पुरते.

या तबकड्या दुर्मीळ होण्यामागेही लाखच आहे. जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थान. दुसऱ्या महायुद्धात हा माल लष्करी कामाला लागला. 1942 मध्ये अमेरिकेत लाखेच्या नागरी वापरावर कडक निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून त्यांच्याच लगद्यातून नव्या काढल्या जाऊ लागल्या. कमी प्रती निघालेली कितीतरी गाणी अशी दुसऱ्याच गाण्यांच्या पोटात गेली.

शोधणारे भारतात येतात ते आणखी एका कारणाने. पाश्चात्त्य देशांत 1960 च्या सुमारास 78 च्या तबकड्या संपल्या, पण आपल्याकडे त्या नंतरही निघत राहिल्या, कारण वीज नसलेल्या गावात चावीचा ग्रामोफोनच चाले. त्यामुळे बीटल्सची गाणी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात चपड्याच्या तबकडीवर छापली गेली. आज जगभरचे संग्राहक त्या तबकड्यांच्या मागे आहेत.

मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि बुधवारी-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार ही या शोधाची ठरलेली ठिकाणे. ऱ्हिदम अँड ब्लूज शोधणारा माणूस तिथे इंग्रजी नावांचा ढीग आधी उपसतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या या नाचऱ्या संगीताला हे नाव बिलबोर्ड मासिकाने 1949 मध्ये दिले. त्याच्या आधीची लय मात्र मुंबईत केव्हाच पोचली होती. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्डने कलकत्त्यात तबकड्याही भरल्या आणि 1945 मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला.

त्यांना ऐकत गोव्याची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ त्यातला. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगचा भक्त, आणि लोकांच्या तोंडी नाव चिक चॉकलेट. त्याच्या स्वतःच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या, पण सापडायला त्या फार कठीण. त्याचा ट्रम्पेट मात्र दुसऱ्या ढिगात सहज मिळतो, हिंदी सिनेमाच्या.

पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकून पुढे सिनेमात पाश्चात्त्य ठेका आणला. ‘शहनाई’ने 1947 मध्ये तो घरोघरी नेला. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (1951) चिकचा ट्रम्पेट तर आहेच, शिवाय झालरीच्या बाह्यांचा सदरा घातलेला तो स्वतः पडद्यावर दिसतो. तबकडीच्या कागदावर सिनेमाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव असते. वाजवणाऱ्याचे नसते. म्हणून नाव वाचून शोधणाऱ्याच्या हातून चिक निसटतो, सिनेमाचे साल आणि संगीतकार पाहून शोधणाऱ्याला तो सापडतो.

तबकडी हातात आली की ती कडेने धरून तिरपी करावी आणि उजेड खाचांवरून फिरू द्यावा. काळा रंग एकसारखा चमकला तर तबकडी फारशी वाजलेली नाही. राखाडी पट्टे दिसले तर बोथट पिनेने खाच खाल्ली आहे. मग बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारावी : खणखणीत आवाज म्हणजे अखंड, भद्द आवाज म्हणजे कुठेतरी केसाएवढा तडा. कडेचा लहानसा टवका चालतो, तो गाण्यापर्यंत पोचत नाही. शेवटी कागदाच्या भोवतालच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला आकडा टिपून घ्यावा. ध्वनिमुद्रणाच्या क्रमाचा तो माग असतो, आणि छापील कागद फाटला तरी तो राहतो.

असे आकडे जुळवून जुन्या गाण्यांच्या याद्या करणारी माणसे 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या नावाने एकत्र आली. त्यांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाची आणि नावे लागलेल्या-न लागलेल्या वादकांची हकीकत पुढच्या आठवड्यात. तोवर माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवू नका. तिच्या तळाशी ‘अलबेला’ असेल, तर चिक त्यात वाजतो आहे.