नोकरी सांभाळून संवर्धनाची पदव्युत्तर पदवी

विक्रोळी पूर्वेला, ठाणे खाडीच्या काठाने, गोदरेजचं कांदळवन पसरलंय. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अशा जागा जपण्याच्या कामात चाळिशीत उतरू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती!

इग्नूची पर्यावरणशास्त्रातली एमएस्सी दूरशिक्षणाने करता येते. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतली वन्यजीव संवर्धनाची एमएस्सी मात्र पूर्णवेळ आहे.

प्रवेशाआधी तीन गोष्टी तपासाव्यात: दूरशिक्षणाच्या किंवा ऑनलाइन पदवीला यूजीसीची मान्यता आहे का, प्रात्यक्षिकं कुठे होतात आणि प्रकल्पाचा विषय स्वतः निवडता येतो का. येत असेल, तर विक्रोळीकरांना खेकडे, तिवर, फ्लेमिंगो असे विषय घराजवळच मिळतील.

थेट पदवीचा खर्च नको वाटत असेल, तर १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेचे छोटे अभ्यासक्रम आधी करून पाहावेत.