वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

नांदेडहून मुंबईचा किनारा सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटर आणि आंध्रातलं कलिंगपट्टणम सातशेच्या वर. तरीही 28 सप्टेंबर 2021 रोजी नांदेड-लातूरवर कोसळलेला पाऊस बंगालच्या उपसागरातून आला होता. 'गुलाब' चक्रीवादळ 26 तारखेच्या रात्री कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं आणि तेलंगण ओलांडून मराठवाड्याकडे निघालं.

हस्त नक्षत्र लागायचे हेच दिवस. त्यामुळे असा पाऊस आला, की आपण हत्ती बरसला म्हणून मोकळे होतो. पण हत्तीचा पाऊस ओळखू येतो. दुपारपर्यंत ऊन तापतं, ढगांचे मनोरे चढतात, गडगडाट होतो आणि तासा-दोन तासांत सगळं ओसरतं. वादळाच्या उरल्यासुरल्या भोवऱ्याचा पाऊस म्हणजे झड. रात्र असो की दिवस, आभाळ एकसारखं राखाडी, सरीवर सर. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची ऊब आणि वाफ मिळेनाशी होते, म्हणून वारा मंदावतो. पाऊस मात्र लगेच मंदावत नाही. भोवरा आसपासची ओल ओढत राहतो आणि सप्टेंबरात आधीच भिजलेली काळी जमीनही त्यात थोडी वाफ घालू शकते.

तो भोवरा कुठे आहे, हे अंगणातूनही कळतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलेला हा नियम आपल्या गोलार्धात असाच चालतो, कारण इथे असे भोवरे घड्याळाच्या उलट फिरतात. गल्लीतला वारा भिंतींना आपटून वळतो, म्हणून गच्चीवर जा, नाहीतर खालच्या ढगांची धाव बघा. पूर्वेकडून येणारं केंद्र आपल्या उत्तरेने गेलं, तर वारा आधी उत्तरेचा, मग पश्चिमेचा, शेवटी दक्षिणेचा होतो. दक्षिणेने गेलं, तर मधला वारा पूर्वेचा. दर तासाला नुसती दिशा लिहून ठेवली, तरी वादळाची वाट वहीत उमटते. मला हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

काही मोबाइलमध्ये वायुदाबमापक असतो. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंच, नांदेड त्याहून बरंच खाली, म्हणून दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे ताडून बघू नका. शिवाय दाब रोजच सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे-दुपारी चारच्या सुमारास उतरतो. दुपारी आकडा घसरला म्हणजे वादळ आलं असं नव्हे. कालच्या त्याच वेळेशी तुलना करा.

पाऊस मोजायला उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा आणि पट्टी पुरे. डबा उघड्यावर, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब हवा. 1 मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला मोजा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार पाऊस सुरू होतो आणि 204.5 पासून पुढे अत्यंत मुसळधार. महसूल मंडळाच्या ठिकाणचं पाऊस मोजायचं यंत्र एकच असतं. चार कोसांवरच्या वावरात निराळंच पडलेलं असू शकतं, म्हणून गावोगाव असे डबे हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पाऊस उघडला तरी नदीकाठ सोडून लांबच थांबा. वरचं पाणी मागून येतं. 'गुलाब'च्या त्या दिवसांत लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाचे 18 दरवाजे उघडावे लागले होते. त्याच्या पाच वर्षं आधी, एप्रिल 2016 मध्ये, याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

'गुलाब'चे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले. तिथे त्यांना पुन्हा उबदार पाणी मिळालं, 'शाहीन' हे नवं नाव मिळालं आणि 3 ऑक्टोबरला हे वादळ ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं. इकडे पाण्यात उभ्या असलेल्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटू लागले होते.