जखमेच्या उपचारातील मधाचे जंतुरोधक कार्य : परंपरा, प्रमाण आणि मर्यादा

प्रस्तावना :

इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘एडविन स्मिथ पपायरस’ या इजिप्शियन वैद्यकीय लेखात जखमेवर मध, चरबी व धाग्यांची पट्टी बांधण्याचा विधी आढळतो. सुश्रुतसंहितेनेही मधाचे शोधन, रोपण व संधान हे गुण नोंदविले आहेत. म्हणजे व्रण स्वच्छ करणे, तो भरून आणणे आणि तुटलेले सांधणे. विसाव्या शतकात प्रतिजैविके उपलब्ध झाल्यानंतर मध रुग्णालयातून मागे पडला व घरगुती उपाय म्हणून शिल्लक राहिला. आज प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न गंभीर झाल्याने संशोधकांचे लक्ष पुन्हा मधाकडे वळले आहे. मध जिवाणूंना नेमका कसा रोखतो आणि कोणता मध कोणत्या जखमेवर उपयुक्त ठरतो, या दोन प्रश्नांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. मधाचे जंतुरोधक घटक :

मधाची शक्ती एका घटकात नसून अनेक घटकांच्या एकत्रित कार्यात आहे.

अ) शर्करा व आम्लता : मधात सुमारे ८० टक्के शर्करा व १७ ते २० टक्के पाणी असते. हे पाणी शर्करेने जणू बांधून ठेवलेले असल्याने जिवाणूंना ते मिळत नाही. उलट परासरणामुळे त्यांच्याच पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. शिवाय मधाचा सामू साधारणपणे ३.२ ते ४.५ असतो. ही आम्लता बहुतेक रोगकारक जिवाणूंच्या वाढीस प्रतिकूल असते. परंतु जखमेतील स्रावाने मध पातळ झाला की हे दोन्ही परिणाम ओसरू लागतात. मधाचे सारे कार्य केवळ साखरेवर अवलंबून असते, तर ते येथेच थांबले असते.

आ) हायड्रोजन पेरॉक्साइड : मधात जंतुरोधक द्रव्य आहे हे लक्षात आल्यावर १९३७ मध्ये जर्मनीतील डोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास ‘इन्हिबिन’ असे नाव दिले. हे द्रव्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड होय, असे अमेरिकेतील व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. मधमाशी मकरंदात आपल्या ग्रंथीतील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, मिसळते. पक्व, घट्ट मधात ते जवळजवळ निष्क्रिय असते. जखमेवर मध पातळ होऊ लागताच ते जागे होते आणि ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड संथ गतीने तयार करीत राहते. हे प्रमाण जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ३ टक्के द्रावणाच्या तुलनेत सुमारे हजारपट कमी असते. त्यामुळे ऊतींना फारशी इजा होत नाही. म्हणजेच शर्करेचा प्रभाव जेथे ओसरतो, तेथे विकराचे कार्य सुरू होते. मात्र हे विकर उष्णतेने व प्रकाशाने नष्ट होते, तसेच रक्त व ऊतींतील कॅटालेज पेरॉक्साइडचे विघटन करते, ही या क्रियेची मर्यादा होय.

इ) पेरॉक्साइडेतर घटक : न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांच्या संशोधनातून असे दिसले की, मानुका वनस्पतीच्या मधातील पेरॉक्साइड नाहीसे केले तरी त्याचे जंतुरोधक कार्य टिकून राहते. यामागील मिथिलग्लायऑक्झाल हे संयुग २००८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील व न्यूझीलंडमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे ओळखले. २०१० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मधात मधमाशीचे डिफेन्सिन-१ हे जंतुरोधक प्रथिनही दाखविले.

जिवाणूवर एकाच वेळी अनेक मार्गांनी आघात होत असल्याने त्याला प्रतिरोध निर्माण करणे अवघड जाते. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनस इत्यादी जिवाणू मधाच्या अल्प मात्रेत वारंवार वाढवूनही त्यांच्यात टिकाऊ प्रतिरोध आढळला नाही. प्रतिजैविकांच्या तुलनेत ही बाब निश्चितच महत्त्वाची आहे.

२. रुग्णालयीन पुरावा :

या विषयातील बहुचर्चित अभ्यासांपैकी एक महाराष्ट्रात झाला आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात भाजलेल्या १०४ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५२ रुग्णांना मधाची, तर ५२ रुग्णांना सिल्व्हर सल्फाडायझिनची मलमपट्टी करण्यात आली. मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा ७ दिवसांत जंतुरहित झाल्या; दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. १५ दिवसांत भरलेल्या जखमांचे प्रमाण अनुक्रमे ८७ व १० टक्के नोंदविले गेले.

हे आकडे प्रभावी असले तरी एका केंद्रातील अभ्यासावरून सर्वसाधारण नियम मांडता येत नाही. कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत एकूण २६ चाचण्या व ३,०११ सहभागी यांचा विचार करण्यात आला. त्वचेच्या अंशतः खोलीपर्यंत भाजलेल्या जखमा नेहमीच्या मलमपट्टीपेक्षा मधाने सरासरी ४ ते ५ दिवस लवकर भरतात, असे तीत आढळले. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झालेल्या जखमांतही मध उपयुक्त दिसला. परंतु सिल्व्हर सल्फाडायझिनशी केलेल्या तुलनेतील पुराव्याचा दर्जा समीक्षेने कमी ठरविला. न्यूझीलंडमध्ये शिराविकारामुळे पायावर झालेल्या व्रणांच्या ३६८ रुग्णांवरील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर मधाच्या गटात ५५.६ टक्के व नेहमीच्या उपचारांच्या गटात ४९.७ टक्के रुग्णांचे व्रण भरले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. तात्पर्य, जखमेचा प्रकार बदलला की मधाची उपयुक्तताही बदलते.

३. बरणीतील मध आणि वैद्यकीय मध :

‘मध गुणकारी आहे’ या विधानाचा अर्थ घरातील बरणीतला मध जखमेवर ओतावा असा होत नाही. नैसर्गिक मधात क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. म्हणून वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केला जातो. या प्रक्रियेत त्याची जंतुरोधक शक्ती टिकून राहते. उष्णतेने निर्जंतुक केल्यास मात्र विकर नष्ट होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मधाच्या मलमपट्टीस २००७ मध्ये परवानगी दिली.

दुसरा प्रश्न भेसळीचा आहे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२० मध्ये तपासलेल्या १३ ब्रँडपैकी केवळ ३ सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाले. साखरेचा पाक मिसळलेला मध चवीला गोड लागतो, पाणीही ओढून घेतो. परंतु त्यातील विकराचा अंश तेवढा कमी झालेला असतो. शिवाय काही रुग्णांना मधाने जखमेत चुरचुर होते, तर काहींना त्याची ॲलर्जी असू शकते. मधुमेही व्यक्तीच्या पायावरील व्रण घरच्या घरी मध लावून झाकून ठेवल्यास आत पसरणारा संसर्ग लक्षात येण्यास विलंब होतो आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. अशा वेळी हानी मधामुळे नव्हे, तर लांबलेल्या उपचारामुळे होते.

समारोप :

मधाविषयीची परंपरागत श्रद्धा निराधार नव्हती, हे आधुनिक संशोधनाने दाखविले आहे. त्याचबरोबर तिच्या सीमाही निश्चित केल्या आहेत. मानुका मधाचा जसा सखोल अभ्यास झाला, तसा सह्याद्रीतील जांभूळ, हिरडा वा कारवी यांच्या मधाचाही व्हावयास हवा. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र हे तिन्ही विभाग असलेल्या आपल्या महाविद्यालयांत मधाचा पुष्पस्रोत ओळखणे, आर्द्रता व सामू मोजणे आणि जिवाणूंवरील परिणाम तपासणे ही कामे पदव्युत्तर प्रकल्पांच्या आवाक्यातील आहेत. मात्र प्रयोगशाळेतील यश म्हणजे उपचार नव्हे, याचे भान विद्यार्थ्यांना देणे हेही अध्यापकाचेच कर्तव्य होय.