उपास-प्रार्थना आणि शुगरची गोळी



गेल्या पावसाळ्यात तलासरीजवळच्या एका पाड्यावर उपास-प्रार्थना चालू होती. दुपारी बाराच्या सुमारास मागे बसलेले एक काका असंबद्ध बोलू लागले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. कोणीतरी पुटपुटले, "ताडी घेऊन आलेत." खरे सांगते, मलाही तेच वाटले. त्यांची सून मात्र घाबरून म्हणाली, "बाबांनी सकाळी शुगरची गोळी घेतलीय, आणि पोटात काही नाही." काका गिळू शकत होते, म्हणून पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत ते आम्हाला ओळखू लागले. मग पेज दिली आणि तरीही ग्रामीण रुग्णालयात नेले, कारण त्यांच्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो. साखर पुन्हा उतरू शकते.

ती गोळी ग्लिमेपिराइडची होती. ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. इन्सुलिनच्या सुईचेही तसेच. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड आणि मग शुद्ध हरपणे. उपाशीपोटी ताडी किंवा दारू घेतली तर धोका आणखी वाढतो, आणि बघणाऱ्याला नुसती नशाच दिसते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये. १०८ला फोन करावा.

म्हणून पाळकांना आणि वडीलमंडळींना माझी विनंती आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासाला बसवू नका. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण बोलायलाच हवी. प्रार्थना झाली, तपासणीत साखर नीट आली, आणि साक्ष दिली की 'मी गोळ्या सोडल्या'. साखर नीट आली ती बहुधा गोळीमुळेच, आणि गोळी सोडली की ती हळूहळू चढते. चढलेली साखर दुखत नाही, हेच वाईट. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला सोबत ठेवले होते, हे आपण विसरतो.

"आमच्यात कुठे शुगर? ती शहरातल्या जाड्या लोकांना होते," असे पाड्यांवर अजून ऐकू येते. हे खरे नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा हडकुळ्या रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. लहानपणापासून कुपोषण झालेल्या काहींच्या शरीरात इन्सुलिनच कमी तयार होते, असे त्यांना दिसले. २०२५ साली बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला 'टाइप ५' असे नाव दिले. कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचलेल्या आपल्या जिल्ह्याला हे लागू होऊ शकते. अशा माणसाला 'जेवण कमी कर' सांगणे चूक आहे. त्याला डाळ, अंडी, मासळी अधिक लागते, आणि औषध डॉक्टरांनीच ठरवायचे.

इतरांसाठी जेवणाचे गणित ताटात पाहावे. अर्धे ताट भाजी, पाव ताट उडीद-तूर-वालाची डाळ किंवा सुकट, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा नागलीची भाकर. नागली चांगली, पण तिच्यातही पिष्ट असतेच. 'नागली आहे' म्हणून चार भाकरी खाऊ नयेत. पातळ पेज लवकर साखर वाढवते. घोलवडचा चिकू आपला अभिमान खरा, पण तो फार गोड, अर्ध्यावर थांबावे. सगळ्यात जास्त साखर मात्र कामावरच्या चहात जाते, दिवसातून पाच-सहा वेळा.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, आणि दुसऱ्या तपासणीतही तशीच आली तर तो मधुमेह. उपचारावर असलेल्या बहुतेकांनी ती ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत ठेवावी. म्हाताऱ्यांसाठी डॉक्टर मर्यादा थोडी सैल ठेवतात. तिशीनंतरच्या सर्वांची तपासणी उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. क्षयरोग झालेल्यांनी साखर तपासलीच पाहिजे, कारण मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो. रोज झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत. आवणीच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्याला बधिर पायात काटा गेलेला कळत नाही.

दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि गोळ्या घरीच राहतात. निघण्यापूर्वी केंद्रातून जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात, कार्ड सोबत ठेवावे. फ्रिज नसेल तर चालू असलेली इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत बंद करून दोन मडक्यांमध्ये ओली वाळू घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि साधारण चार आठवड्यांत संपवावी.

त्या पाड्यावर आता प्रार्थनेच्या वेळी खिडकीत साखरेचा डबा आणि पाण्याचा तांब्या असतो. काका भाकर-डाळ खाऊन येतात आणि पुढच्या रांगेत बसतात.