१६९.२५४ आणि सुती शर्ट

हिंजवडीत किंवा खराडीत डेस्कटॉप सपोर्टच्या पहिल्या पायरीच्या जागेसाठी, म्हणजे ‘एल-वन’साठी, बसलेल्या फ्रेशरला एक प्रश्न हमखास येतो. युजरच्या मशीनचा आयपी ॲड्रेस १६९.२५४ने सुरू होतोय, काय झालं असेल? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ‘सर, डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी मिळाला नाही.’ बरोबर, पुढचा प्रश्न. पण या आकड्यामागे घडलेली गोष्ट इतकी अजब आहे, की तिच्यावरून असं भर्रकन पुढे जाणं मला पटत नाही.

मशीन सुरू झालं की ते नेटवर्कवर अक्षरशः उपरं असतं. त्याला पत्ता नाही, आणि पत्ता देणारा कुठे बसतो हेही ठाऊक नाही. मग मागायचा कसा? ते पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० लिहितं, घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘जो ऐकेल त्याला’, आणि हाळी देतं. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर ती ऐकतो आणि एक पत्ता देऊ करतो. इथे मशीन लगेच तो पत्ता घेत नाही. कदाचित दोन सर्व्हरांनी दोन पत्ते देऊ केलेले असतात. म्हणून ‘मी याचा घेतोय’ असं ते पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतं. मग सर्व्हर पक्कं करतो. क्लासमध्ये ‘डोरा’ म्हणून घोकून घेतात ते हेच चार निरोप. बहुतेक वेळा आपण पासवर्ड टाकेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं.

आणि कुणीच ओ दिली नाही तर? मशीन स्वतःच १६९.२५४च्या सुमारे ६५ हजार पत्त्यांतला एक उचलतं. उचलण्याआधी ‘हा कुणी वापरतंय का?’ असं आजूबाजूला विचारतं, आणि कुणी हरकत घेतली नाही तरच तो लावतं. म्हणजे १६९.२५४ ही बिघाडाची खूण असली तरी ते बिघडलेलं वागणं नव्हे. सर्व्हर नसताना केबलने जोडलेली दोन मशीनं निदान एकमेकांशी बोलू शकावीत, म्हणून मुद्दाम करून ठेवलेली ती सोय आहे.

त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याचे कान खरे टवकारतात ते उमेदवार उलट विचारतो तेव्हा. ‘सर, एकाच मशीनला असं होतंय की सगळ्या फ्लोअरला?’ एकाला असेल तर केबल, पोर्ट किंवा नेटवर्क कार्ड बघायचं. सगळ्यांना असेल तर स्विच किंवा सर्व्हर, आणि मग खुर्चीतून न उठता तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, वरच्या टीमकडे सरकवायचं. या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं.

‘इंटरनेट चालत नाही’ या तक्रारीचंही तसंच. तिचं उत्तर एक एक पायरी लांब जात शोधायचं असतं. आधी १२७.०.०.१ला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक. हा पत्ता म्हणजे मशीन स्वतःच. केबल काढून ठेवली तरी उत्तर येतं, कारण निरोप नेटवर्क कार्डापर्यंतही जात नाही. मग गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, मग बाहेरचा ८.८.८.८, आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. ८.८.८.८ उत्तर देतो पण नावाला उत्तर नाही, तर रस्ता ठीक आहे; नावाचा आकडा करून देणारं डीएनएस कुठेतरी अडलंय. पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिला. नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून लिहायला घेतला. पहिला पिंग सुटेपर्यंत तो बिघाड दुरुस्तही झाला होता! औषध तयार होईपर्यंत रोगी बरा झाला, पण औषध चाळीस वर्षं खपतंय.

रीस्टार्टची गंमत तर वेगळीच. युजर शपथेवर सांगतो, ‘मी रोज बंद करूनच घरी जातो.’ टास्क मॅनेजर उघडावा तर ‘अप टाइम’मध्ये तेवीस दिवस. दोघंही खरं बोलत असतात. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो, कालच्या गुंत्यासकट. रीस्टार्ट मात्र सगळं पुसून नव्याने मांडतं. ‘बंद करून चालू करा’ आणि ‘रीस्टार्ट करा’ यांतला फरक सांगणारा फ्रेशर मला फार आवडेल.

आता मुलाखतीचे कपडे. कॉम्प्युटर दुरुस्तीचा आणि कडक इस्त्रीचा संबंध जुना आहे. आयबीएमची माणसं अनेक दशकं गडद सूट आणि पांढऱ्या शर्टासाठी ओळखली जात. गिऱ्हाइकाकडे जाणारा माणूस गिऱ्हाइकासारखा दिसावा असा हिशेब होता. १९९५मध्ये कंपनीचे प्रमुख लू गर्स्टनर यांच्या काळात ती सक्ती सुटली. आपल्याकडे फिकट फुल शर्ट, गडद पँट आणि पॉलिश केलेले बूट पुरे. मुलींना साधा कुर्ता-सलवार किंवा शर्ट-पँट. मे महिन्यात पुण्यात भाड्याचा ब्लेझर घालून घामाघूम बसू नये, कुणाचंही त्याने समाधान होत नाही. पँट मात्र उकिडवं बसून पाहूनच घ्यावी. या नोकरीतला बराच वेळ टेबलाखाली जातो.

कापडाचा प्रश्न मात्र नुसत्या दिसण्याचा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो स्थिर विजेचा. असा झटका माणसाला जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. काही चिपा शंभरच्या आतच दगावतात. म्हणजे रॅम बसवताना आपल्याला काहीही न कळता ती मेलेली असू शकते.

म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची तार जमिनीशी जोडतात. त्या तारेत दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. वाहून न्यायच्या विजेलाच अडथळा कशाला? एक तर अंगावरचा भार झटक्याने न जाता सावकाश उतरतो. आणि चुकून हात २३० व्होल्टच्या तारेला लागलाच, तर पट्ट्यातून जेमतेम पाव मिलिअँपिअर वीज वाहते, सहसा जाणवणारही नाही इतकी. पण पट्टा रिकामा करतो ते शरीर. पॉलिस्टरच्या बाहीवर साठलेला भार बाहीवरच राहतो, कारण त्या कापडातून वीज वाहतच नाही. म्हणून सुती शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि उघड्या कॅबिनेटवर टाय, ओढणी किंवा ओळखपत्राची दोरी लोंबकळू द्यायची नाही. हातात रॅम देऊन ‘बसवून दाखव’ म्हणाले, तर आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावणारा मुलगा न बोलता बरंच काही सांगून जातो.

शेवटी ‘तुला काही विचारायचंय?’ असं विचारतात. बहुतेक जण ‘नो सर’ म्हणून उठतात. विचारावं. शिफ्ट कुठली, रात्रीची असेल तर कॅब आहे का, पेरोल याच कंपनीचा की मधल्या कॉन्ट्रॅक्टरचा, आणि एका माणसाकडे दिवसाला किती तिकिटं येतात.