पावसाळ्यातील विमाने

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्या विमान-छंद मंडळाचे एकही उड्डाण होत नाही. मैदानात चिखल असतो, वारा बेभरवशाचा असतो आणि विमानातील इलेक्ट्रॉनिक भागांना पाणी सोसत नाही. स्नेहसंमेलनात रेडिओनियंत्रित विमाने पाहून गेलेले पालक विचारतात, ‘मग या काळात मंडळ करते तरी काय?’ याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. कारण पुढील वर्षी मंडळात येणाऱ्या मुलामुलींना विमान उडवायला मिळेल की नाही, हे याच चार महिन्यांत ठरते. साहित्य सर्वांचे मिळून एकच आहे, आणि एक बॅटरी निकामी झाली तर दुसरी लगेच येत नाही.

इतिहास शिकविण्याच्या सवयीमुळे थोडे मागे जातो. निकोला टेस्ला यांनी 1898 मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओलहरींनी चालणारी छोटी नौका लोकांना दाखविली. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंचे 1937 मधील ‘गफ’ हे विमान आरंभीच्या यशस्वी प्रयत्नांत गणले जाते. पुढे अनेक दशके प्रत्येक नियंत्रकाला ठराविक वाहिनी असे. एकाच वाहिनीवर दोघांनी नियंत्रक सुरू केले की विमान कोसळलेच. म्हणून मैदानावर फळी असे आणि तिच्यावर कपड्यांना लावतात तसले चिमटे. ज्याच्या हाती त्या वाहिनीचा चिमटा, त्यानेच नियंत्रक सुरू करायचा. आजच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांना चिमट्याची गरज उरलेली नाही. परंतु ती शिस्त आम्हांला फार आवडते, म्हणून आमच्या प्रत्येक बॅटरीला क्रमांक आहे आणि ती कोणी, केव्हा भारित केली याची नोंदवही आहे.

सर्वाधिक जपावे लागते ते या लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांना. एका घटाचा दाब पूर्ण भारित असताना 4.2 व्होल्ट असतो आणि तो 3 व्होल्टच्या खाली गेल्यास घट बिघडतो. रिकामी बॅटरी ठेवू नये हे सर्वांना पटते. भरलेलीही ठेवू नये हे मात्र पटवून द्यावे लागते. पूर्ण भारित अवस्थेत आतील रासायनिक झीज वेगाने होते, वायू साठतो आणि बॅटरी फुगते. म्हणून प्रत्येक घट सुमारे 3.8 व्होल्टवर आणून, म्हणजे तीन घटांची बॅटरी 11.4 व्होल्टच्या आसपास ठेवून, ती वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत थंड जागी ठेवतो. दर महिन्याला मोजणी होते. फुगलेली बॅटरी कोणी टोचू वा दाबू नये. तिला आग लागू शकते. भारित करताना शेजारी शिक्षक हवाच. रात्रभर लावून झोपणे आमच्याकडे निषिद्ध आहे.

आमची बहुतेक विमाने थर्माकोल आणि सनपॅक शीटची आहेत. बाल्साचे एकच आहे. ते लाकूड हलके, पण दमट हवेत ओल धरते आणि पंख पिळवटतो. म्हणून ते भिंतीला टेकवून न ठेवता सपाट फळीवर ठेवतो. थर्माकोल ओलीला डगमगत नाही, मात्र फेविक्विकने विरघळतो. नव्या मुलांना हे आम्ही तुकड्यावर करून दाखवितो, म्हणजे पंखावर प्रयोग होत नाही.

दुरुस्तीतील खरे गणित शेपटीपाशी असते. साधारण विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या 25 ते 33 टक्के अंतरावर असावा लागतो. 20 सेंटिमीटर रुंदीच्या पंखात तो 5 ते साडेसहा सेंटिमीटरवर येतो. आता तुटलेली शेपूट जोडताना 10 ग्रॅम गोंद आणि पट्टी लागली, आणि ती जागा गुरुत्वमध्याच्या 60 सेंटिमीटर मागे असली, तर नाकाशी 20 सेंटिमीटरवर 30 ग्रॅम वजन वाढवावे लागेल. तरफेचा नियम फळ्यावर पाठ करणाऱ्यांना तो इथे उमगतो. शेपूट जड राहिलेले विमान नाक वर करते, वेग गमावते आणि सावरता येत नाही. त्यामुळे गोंद कमी वापरणारा विद्यार्थी आमच्या मते चांगला कारागीर.

बाकीची कामे लहान आहेत. नियंत्रकातील साधे सेल काढून ठेवायचे, नाही तर ते पाझरून संपर्कपट्ट्या गंजतात. सर्वो मोटर करकरत असेल तर तिचे दाते तपासायचे. पंख्यावर पांढरी रेघ वा खाच दिसली की तो टाकायचा. तिथे काटकसर नको, कारण वेगात फिरताना तुटलेले पाते डोळ्यात जाऊ शकते.

पाऊस उघडल्यावर पहिल्या कोरड्या सकाळी पल्ल्याची चाचणी होते. पंखा काढलेले विमान एकाने धरायचे, दुसऱ्याने नियंत्रक कमी शक्तीच्या स्थितीत ठेवून तीस पावले दूर जायचे आणि प्रत्येक पृष्ठभाग हलवून पाहायचा. कुठलाही झटका वा थरथर दिसली तर विमान पुन्हा टेबलावर. सर्व ठीक असेल तरच पंखा बसवायचा.