कासवाला जोडीदार आणावा का?

‘आमचं कासव एकटं पडलंय हो. त्याला जोडीदार आणावा म्हणतोय, जमलं तर पिल्लंही होतील.’ गेल्या वीस वर्षांत हे वाक्य मी बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी घरांत ऐकले आहे. शिक्षणाने मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. नोकरी हिशेबाच्या टेबलावर झाली. कासवांचा नाद पुस्तके वाचून, पशुवैद्यांच्या मागे लागून आणि लोकांच्या गॅलऱ्यांत उकिडवे बसून लागला. त्यामुळे कुणाकडे कासव आहे असे कळले की मित्रमंडळी माझा नंबर देऊन मोकळी होतात.

या वाक्यातला ‘एकटं’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागतो. तो आपला आहे, कासवाचा नाही. कासवे जोडीने संसार करत नाहीत. मिलनाच्या हंगामात नर-मादी भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. तीन फुटी टाकीत नर आणून सोडला तर मादीला पळायला जागा उरत नाही; तो दिवसभर तिच्या मागे लागतो, चावतो, तिला ऊन खायला वर येऊ देत नाही. आपल्या संतसाहित्यात कासवी दुरून नुसत्या नजरेने पिल्लांचे पोषण करते, असा सुंदर दृष्टान्त वारंवार येतो. प्रत्यक्षातली कासवी मात्र मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येते तेव्हा आई जवळपासही नसते. घरात अंडी झाली तर पुढची सगळी नजर माणसालाच ठेवावी लागते, आणि ती बरीच वर्षे.

मग पहिला प्रश्न येतो तो घरात नेमके कोणते कासव आहे याचा. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेले जमिनीवरचे कासव म्हणजे तारा कासव, ज्याला सगळे ‘स्टार कासव’ म्हणतात. ते असेल तर पिल्लांची चर्चा तिथेच संपते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बाळगणेच गुन्हा आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत आले. तिथे शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे तुरुंगवास, वर किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. तळ्यातले, मऊ पाठीचे आपले देशी पाणकासवही त्याच अनुसूचीत आहे. ‘वडिलांच्या काळापासून आहे’, ‘वास्तुशास्त्रासाठी ठेवलंय’, ‘कुणीतरी भेट दिलं’ ही उत्तरे कायद्याला चालत नाहीत.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो आणि तो चांगल्या मनातून येतो म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला विचारले होते, ‘ही जात संपत चालली आहे ना? मग आम्ही घरी पिल्लं वाढवून जंगलात सोडली तर ते पुण्यच नाही का?’ जात संकटात आहे हे खरेच. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच भागातून वर्षाला किमान ५५ हजार तारा कासवे चोरून उचलली जात असल्याचे आढळले. २०१९मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत या कासवाला साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारी सौदा बंद झाला. पण या संकटाचे कारण अंडी कमी पडतात हे नाही. उचलेगिरी हे आहे. आणि ती आपल्यासारख्यांच्या गॅलरीत येऊन थांबते.

दुसरी अडचण रक्ताची. तारा कासव गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात आहे, दक्षिणेत आहे आणि श्रीलंकेत आहे. हे समूह एकमेकांपासून फार काळ तुटलेले आहेत. सिंगापूरच्या विमानतळावर पकडून भारतात परत आणलेल्या तारा कासवांची जनुकीय तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी केली, तिचा निबंध २००६मध्ये आला. ती कासवे नेमकी कुठली, कुठे सोडायची, हे ठरवायला प्रयोगशाळा लागली. मग बाजारातून पिशवीत आलेला नर कच्छचा आणि मादी अनंतपूरची असेल तर त्यांच्या पिल्लांचे जंगल कोणते? मुंबईच्या आसपास तर ते निसर्गतः नाहीच. आपला चार महिन्यांचा ओला पावसाळा त्याला सोसत नाही, नाकाला पाणी आणि छातीत कफ होऊन ती आजारी पडतात. शिवाय घरातले आजार सोबत घेऊन जंगलात गेलेले एक पिल्लू तिथल्या निरोगी कासवांना पुरे होते.

कासवांची पैदास करून जात वाचवता येत नाही असे मी म्हणत नाही. सुंदरबनात बाटागुर बास्का या नदीकासवाबाबत ते काम चालू आहे. तिथे पश्चिम बंगालचा वनविभाग आणि टर्टल सर्व्हायव्हल अलायन्स ही संस्था राखीव तळ्यांत पैदास करतात, आणि जानेवारी २०२२मध्ये दहा कासवे पाठीवर जीपीएस यंत्र बसवून नदीत सोडली गेली. त्यांचे आईबाप माहीत, सोडायची नदी माहीत, सोडल्यावर ती कुठे गेली हेही माहीत. आपल्या कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२पासून जे केले, त्यात तर पैदास माणसाने ठरवलेलीच नाही. समुद्री मादी स्वतः येऊन अंडी घालते, माणसे ती फक्त सुरक्षित कुंपणात हलवतात. मार्च २०१८मध्ये आमच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्रात गेली तेव्हा मला आठवडाभर फोन येत होते, आणि त्यातले निम्मे घरच्या कासवाची अंडी उबवण्याबद्दलचे होते. उत्साह समजतो, पण समुद्रात जाणारे पिल्लू आणि टबात वाढणारे पिल्लू यांत फार अंतर आहे.

आता उपनगरात खरोखर घरोघरी असलेले कासव. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे पाणकासव, रेड-इअर्ड स्लायडर. मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. देशी कासवांना असलेले कायद्याचे कवच त्याला नाही, म्हणून माशांच्या दुकानात उघड मिळते. विकत घेताना ते दहा रुपयांच्या नाण्याहून जरासे मोठे असते. पूर्ण वाढलेली मादी पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षे जगते. हा हिशेब दुकानदार सांगत नाही.

याच्या बाबतीत ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर वयापेक्षा आकारात असते. नर लहान राहतो, त्याची पुढची नखे लांब आणि शेपूट जाड असते. तो दोन ते पाच वर्षांत वयात येतो. मादीला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. पण घरात रोज भरपूर खाऊ घातलेली मादी लवकर फुगते आणि हाडे पुरेशी भरण्याआधी अंडी धरू लागते. अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम ती आपल्या हाडांतून काढते. ते परत भरायचे तर आहार हवा आणि अंगावर थेट ऊन हवे. थेट म्हणजे काचेशिवाय. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण अडतात. ज्या घरांत टाकी टीव्हीशेजारी ठेवलेली असते तिथल्या कासवांची पाठ दाबली तर मऊ लागते. अशा मादीला नर आणणे म्हणजे क्रूरपणाच, मग हेतू काहीही असो.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकून बहुतेक घरे गप्प होतात. मादी अंडी घालायला नराची वाट पाहत नाही. कोंबडीसारखीच तीही एकटी असताना अफलित अंडी घालते. उलट, पूर्वी कधी नराबरोबर राहिलेली असेल तर शुक्राणू शरीरात साठवून पुढे फलित अंडीही घालू शकते. अमेरिकेतल्या एका जातीच्या कासवात हे चार वर्षांपर्यंत नोंदले गेले आहे. तेव्हा ‘पिल्ले घ्यावीत का’ हा निर्णय आपण घेऊ किंवा न घेऊ, अंड्यांचा निर्णय समोर येतोच. मादी खाणे सोडते, टाकीच्या काचेवर चढू पाहते, मागच्या पायांनी फरशी खरवडते. लोक म्हणतात कासव आजारी पडले. तिला माती हवी असते. माती मिळाली नाही तर काही माद्या पाण्यात अंडी टाकतात आणि काही ती पोटातच अडवून धरतात. अडकलेली अंडी जीव घेतात. घाटकोपरच्या एका घरी तीन आठवडे उपाशी असलेल्या मादीचा एक्स-रे काढला तेव्हा आत अकरा अंडी होती. पशुवैद्याने कॅल्शियम आणि इंजेक्शन देऊन ती काढली, ती वाचली. त्या घरात सहा वर्षे तिला सगळे ‘तो’ म्हणत होते.

समजा अंडी फलित आहेत आणि घरातल्या मुलांना पिल्ले पाहायचीच आहेत. अंडे घातल्यावर काही तासांतच गर्भ आतून कवचाला चिकटू लागतो, त्यामुळे ते उलटले तर गर्भ मरतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून तसेच उचलतात. पिल्लाचे लिंग बीजावर नव्हे, उबेवर ठरते. २६-२७ अंशांना बहुतेक नर, ३१च्या वर बहुतेक माद्या. म्हणजे मे महिन्यात स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलेल्या थर्मोकोलच्या खोक्यातून बाहेर पडतील त्या जवळजवळ सगळ्या माद्या. एका खेपेला दहा धरा. दोन वर्षांनी प्रत्येकीला स्वतंत्र मोठी टाकी, आणि सहाव्या वर्षापासून त्या दहाजणी अंडी घालणार. वन-बीएचकेत हे बसत नाही. नातेवाईक एखादे नेतात, शेजारी एखादे. उरलेली कुठे जातात हे मला ठाऊक आहे, कारण तळ्याच्या पायऱ्यांवर ऊन खाणारे लाल पट्टे मी स्वतः पाहिले आहेत. ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. युरोपने तिची आयात १९९७मध्ये बंद केली. खुद्द अमेरिकेत चार इंचांखालची कासवे विकायला १९७५पासून बंदी आहे, कारण लहान मुले ती तोंडात घालत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. तळ्यात सोडणारा माणूस बहुधा हात जोडून सोडतो, हे आणखी वेगळे.

आफ्रिकेतले सल्काटा हे भले मोठे भूकासवही आता काही बंगल्यांतून दिसते. ते साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते आणि पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात. कागद पूर्ण असले, अंगण असले, आणि चाळीस-पन्नास किलोच्या प्राण्याची काळजी पुढची पिढी घेईल अशी खात्री असली तर पैदासीचा विचार करता येईल. उपनगरात असे घर मी अजून पाहिलेले नाही.

म्हणून माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. नर आणू नका. मादी मोठी झाली असेल तर तिच्यासाठी एका खोल टबात ओलसर वाळू-माती फूटभर भरून ठेवा आणि दोन-तीन दिवस तिला एकांत द्या. अंडी घातली की मोजा, त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. गर्भ वाढायला लागण्याआधीच ते झाले पाहिजे. कासव सांभाळणे जमेनासे झाले तर तळे शोधू नका, घेणारा माणूस शोधा. आणि घरातले कासव चांदण्यांचे निघाले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर स्वतः फोन करा. कुणी तक्रार करण्याची वाट पाहू नका.

घाटकोपरची ती मादी आता दरवर्षी थंडी ओसरताना टबात उतरते. यंदा तिने नऊ अंडी घातली. एक्स-रेत दहा दिसली होती, म्हणून घरच्यांनी तिला चौथ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात नेले.